एका रात्रीचा पहारा, दोन तपांचा ध्यास

हृदय थांबवून त्यावर शस्त्रक्रिया करता येते, ही गोष्ट आज कुणालाच नवलाची वाटत नाही. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत दररोज अशा शस्त्रक्रिया होतात आणि रुग्ण काही दिवसांत आपल्या पायांनी चालत घरी जातो. त्या काही तासांत हृदयाचे आणि फुप्फुसांचे काम एक यंत्र करीत असते. मात्र या यंत्राची मूळ कल्पना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी सुचलेली नव्हती. फुप्फुसाच्या धमनीत अडकलेल्या रक्ताच्या गुठळीने मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या एका स्त्रीच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या तरुण डॉक्टरच्या मनात ती उपजली. त्या डॉक्टरचे नाव जॉन हेशॅम गिबन.

गिबन यांचा जन्म २९ सप्टेंबर १९०३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात झाला. घराण्यात वैद्यकीची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. वडीलही नामांकित शल्यचिकित्सक आणि जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक. अशा घरातील मुलाने डॉक्टर व्हावे, हे जणू जन्मतःच ठरलेले होते. धाकट्या गिबन यांचा ओढा मात्र साहित्याकडे आणि चित्रकलेकडे होता. प्रिन्स्टन विद्यापीठातून १९२३ मध्ये पदवी घेऊन त्यांनी जेफरसनमध्ये वैद्यकीचे शिक्षण सुरू केले खरे. पण पहिल्याच वर्षी त्यांचे मन उडाले. शिक्षण सोडून लेखक व्हावे, असा विचार त्यांनी वडिलांपुढे मांडला. वडिलांनी त्यांना रागावून अडवले नाही. पदवी हाती असली म्हणून लेखणी काही बिघडत नाही, एवढेच त्यांनी समजावले. मुलाने ते ऐकले आणि १९२७ मध्ये तो डॉक्टर झाला.

पुढची दोन वर्षे पेनसिल्व्हेनिया रुग्णालयात उमेदवारी झाली. त्यानंतर १९३० मध्ये गिबन बोस्टनला आले. तेथील मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात डॉ. एडवर्ड चर्चिल यांच्या हाताखाली संशोधन करण्यासाठी त्यांना वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली होती. शल्यचिकित्सा शिकावी, प्रयोगशाळेत काही काम करावे आणि फिलाडेल्फियाला परतून व्यवसाय थाटावा, असा साधा सरळ बेत होता. एका रात्रीने तो बेत पालटून टाकला.

दर पंधरा मिनिटांची नोंद

रुग्णालयातील एका स्त्रीवर पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली होती. शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली होती. पण काही दिवसांनी तिच्या छातीत अचानक तीव्र वेदना उठली आणि श्वास कोंडू लागला. निदान करायला वेळ लागला नाही. पायांतील अथवा ओटीपोटातील नीलेत रक्ताची गुठळी धरली होती. ती सुटून प्रवाहाबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूत आली आणि तेथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकली होती. वैद्यकात या आजाराला पल्मनरी एम्बोलिझम असे म्हणतात. जर्मनीचे थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १९व्या शतकाच्या मध्यावर त्याचे स्वरूप उलगडून दाखवले होते. परंतु कारण कळले म्हणून उपाय सापडतोच असे नाही.

उपाय एकच होता आणि तोही बहुतांशी कागदावरचा. लाइपझिगचे शल्यचिकित्सक फ्रीड्रिख ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९०८ मध्ये छाती उघडून, फुप्फुसाची धमनी चिरून गुठळी ओढून काढण्याची शस्त्रक्रिया मांडली होती. त्यांच्या स्वतःच्या रुग्णांपैकी कुणीही पूर्ण बरा होऊन घरी गेला नाही. पहिले यश १९२४ मध्ये त्यांचे शिष्य मार्टिन किर्शनर यांना मिळाले. अमेरिकेत तर तोवर असा एकही रुग्ण वाचला नव्हता. कारण उघड होते. धमनी चिरायची म्हणजे रक्ताचा प्रवाह थांबवावा लागे आणि प्रवाह थांबला की मेंदूला मोजकीच मिनिटे मिळत. त्यामुळे शहाणा शल्यचिकित्सक अगदी शेवटच्या क्षणापर्यंत थांबत असे. रुग्ण आपल्या बळावर सावरण्याची थोडीही आशा असेल, तर सुरी उचलणे म्हणजे त्याला मारणेच ठरले असते.

मग आशा उरली आहे की संपली, हे ठरवायचे कसे? चर्चिल यांनी रुग्णाला शस्त्रक्रियागृहात हलवले, सारी सिद्धता करून ठेवली आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचे काम गिबन यांच्याकडे सोपवले. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजायचा व लिहून ठेवायचा. नाडीचा वेग उतरू लागला, रक्तदाब स्थिरावला, श्वास संथ झाला, तर शरीर सावरते आहे असे समजायचे. उलट घडले, तर छाती उघडायची.

सतरा तास हा पहारा चालला. गिबन यांच्या वहीतील आकडे कधी किंचित सुधारत, कधी घसरत. खात्रीने दिलासा देणारी खूण मात्र एकही उमटेना. मानेच्या शिरा फुगत चालल्या होत्या आणि रक्त अधिकाधिक काळवंडत होते. सकाळी आठच्या सुमारास श्वास थांबला आणि रक्तदाब लागेनासा झाला. चर्चिल यांनी तत्काळ छाती उघडली आणि अवघ्या साडेसहा मिनिटांत धमनीतील मोठी गुठळी बाहेर काढून जखम बंदही केली. हातांच्या कौशल्यात कोणतीच उणीव नव्हती. तरीही ती स्त्री वाचली नाही.

त्या रात्री हताशपणे पाहत बसलेल्या गिबन यांच्या मनात एक विचार घोळत होता. फुगलेल्या शिरांतील निळसर रक्त सतत बाहेर काढता आले, शरीराबाहेरच त्यात प्राणवायू मिसळून कर्बवायू निघून जाऊ दिला आणि तेच लालभडक झालेले रक्त पुन्हा धमनीत सोडता आले, तर? गुठळीचा अडथळा वळसा घालून ओलांडता येईल. शल्यचिकित्सकाला मिनिटे मोजावी लागणार नाहीत. मुख्य म्हणजे, रुग्ण मरणोन्मुख होईपर्यंत वाट पाहण्याची क्रूर सक्तीही संपेल. विचार साधा होता. तो प्रत्यक्षात उतरायला जवळपास दोन तपे लागणार होती.

भंगारातील पंप आणि गल्लीतील मांजरे

चर्चिल यांच्या प्रयोगशाळेत मेरी हॉपकिन्सन ही तरुणी साहाय्यक म्हणून काम करीत होती. प्रसिद्ध व्यक्तिचित्रकार चार्ल्स हॉपकिन्सन यांची ती कन्या. सारे तिला मॅली म्हणत. १९३१ मध्ये गिबन आणि मॅली विवाहबद्ध झाले आणि फिलाडेल्फियाला गेले. तेथे व्यवसाय सुरू झाला, पण त्या रात्रीचा विचार काही पाठ सोडीना. ज्येष्ठांना विचारावे, तर बहुतेकांचा सूर नकाराचा. हाती लागेल असे छोटे काम कर, त्यावर शोधनिबंध लिही, नाव कमव, असा व्यवहारी सल्ला मिळे. स्वतः चर्चिल यांनाही या कल्पनेविषयी फारसा उत्साह नव्हता. तरीही १९३४ मध्ये गिबन यांना वर्षभरासाठी आपल्या प्रयोगशाळेत जागा देण्याचा मोठेपणा त्यांनी दाखवला. पती-पत्नी पुन्हा बोस्टनला आले.

यानंतरचे वर्ष विज्ञानाच्या इतिहासातील एका विलक्षण सहजीवनाचे आहे. जगात असे यंत्र कुठेच नव्हते. त्यामुळे प्रत्येक भाग स्वतःच घडवावा लागे. हवेचा पंप पूर्व बोस्टनमधील जुन्या वस्तूंच्या दुकानातून काही डॉलरना विकत आणला गेला. झडपा रबरी बुचे कोरून तयार झाल्या. रक्तात प्राणवायू मिसळण्यासाठी उभे फिरणारे नळकांडे वापरले. त्याच्या आतल्या भिंतीवर रक्ताचा पातळ थर पसरे आणि प्राणवायूच्या संपर्काने तो उजळे. प्रयोगासाठी प्राणी हवेत, तर त्यासाठी पैसे नाहीत. मग गिबन रात्री मासळीचे आमिष आणि गोणपाटाची पिशवी घेऊन बीकन हिलच्या गल्ल्यांत भटकी मांजरे पकडत हिंडत.

रक्त शरीराबाहेर पडले की गोठते, ही मोठी अडचण होती. गुठळीशी लढण्यासाठी बनवलेल्या यंत्रातच गुठळ्या धरल्या, तर सारेच मुसळ केरात. येथे हेपॅरिन या द्रव्याने हात दिला. १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्याचा शोध लागला होता. रक्त गोठू न देणाऱ्या या द्रव्याखेरीज गिबन यांचे यंत्र एक पाऊलही पुढे जाऊ शकले नसते.

प्रत्येक प्रयोगाची तयारी मॅली भल्या सकाळी सुरू करीत. संध्याकाळपर्यंत तो चाले आणि त्यानंतर यंत्राची धुलाई. असे महिनोन्‌महिने गेले. अखेर १० मे १९३५ या दिवशी एका मांजराच्या फुप्फुसाच्या धमनीभोवतीचा चिमटा पूर्ण आवळला गेला. हृदयातून फुप्फुसांकडे जाणारा रक्ताचा थेंबन्‌थेंब अडला. गुठळी जे करते, तेच येथे मुद्दाम केले होते. तरीही मांजराचा रक्तदाब ढळला नाही. यंत्र त्याला जगवत होते. त्या क्षणी पती-पत्नींनी एकमेकांना मिठी मारली आणि ती दोघे प्रयोगशाळेत नाचू लागली. पुढे अनेक मानसन्मान वाट्याला आले, पण त्या संध्याकाळच्या आनंदाची सर कशालाच आली नाही, असे गिबन सांगत असत.

या कामाचा वृत्तान्त १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय होता फुप्फुसाची धमनी बंद असताना रक्ताभिसरण कृत्रिमरीत्या चालू ठेवणे. हृदयाच्या शस्त्रक्रियेचा विचार अद्याप पुढेच होता. दशक संपता संपता यंत्रावरून उतरवलेली काही मांजरे पूर्ववत होऊन हिंडू-फिरू लागली.

युद्ध, कारखानदार आणि पोलादी जाळी

दुसऱ्या महायुद्धात गिबन लष्कराच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले आणि प्रयोगशाळेला कुलूप लागले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये ते आपल्याच जेफरसन महाविद्यालयात शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. आता प्रश्न आकाराचा होता. मांजराला पुरेल एवढे रक्त शुद्ध करणारे यंत्र माणसासाठी वाढवायचे, तर नळकांडे अवाढव्य होऊन बसते. त्यासाठी अभियंते हवे होते आणि पैसाही.

महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याच्या ओळखीतून गिबन आयबीएम या कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. वॉटसन यांनी नफ्यातोट्याचा हिशेब न मांडता कंपनीचे अभियंते आणि कंपनीचा पैसा या कामासाठी उपलब्ध करून दिला. पुढे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. रक्ताचा थर गुळगुळीत पृष्ठभागावरून ओघळण्याऐवजी जाळीवरून ओघळला, तर त्यात खळबळ होते आणि तो कितीतरी अधिक प्राणवायू शोषून घेतो. मग पोलादी जाळ्यांचे पडदे ओळीने टांगलेले यंत्र तयार झाले. कुत्र्यांवरील प्रयोगांत मृत्यूचे प्रमाण हळूहळू खाली आले आणि माणसावर प्रयोग करण्याचा दिवस जवळ आला.

तो दिवस उजाडला आणि अपयश घेऊन आला. फेब्रुवारी १९५२ मध्ये पंधरा महिन्यांच्या एका बालिकेवर या यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असल्याचे निदान होते. हृदय उघडले, तर छिद्र नव्हतेच. मूल दगावले. दोष हृदयाबाहेरील एका रक्तवाहिनीत होता, हे शवविच्छेदनात उघड झाले. यंत्र चालले होते. निदान चुकले होते. माणसाच्या आयुष्यात असा क्षण फार कठीण असतो. यंत्राचा दोष नव्हता, असे म्हणून मोकळे होता येत नाही आणि यंत्र टाकूनही देता येत नाही.

६ मे १९५३ रोजी अठरा वर्षांच्या एका महाविद्यालयीन तरुणीवर शस्त्रक्रिया झाली. हृदयाच्या पडद्याला खरोखरच मोठे छिद्र होते आणि उजव्या बाजूवरील ताणामुळे तिला वारंवार रुग्णालयात दाखल व्हावे लागत होते. तिचे हृदय आणि फुप्फुसे सव्वीस मिनिटे पूर्णपणे यंत्राच्या हवाली होती. मध्येच हेपॅरिन कमी पडले आणि जाळ्यांवर रक्त गोठू लागले. ज्या शत्रूविरुद्ध तेवीस वर्षांपूर्वी लढाई पुकारली होती, तोच यंत्राच्या पोटात शिरला होता. सहकाऱ्यांनी कसेबसे यंत्र सावरून धरले. गिबन यांनी ठिगळ लावण्याचा बेत सोडून छिद्र सरळ टाक्यांनी शिवून टाकले. तरुणीचे हृदय पुन्हा धडधडू लागले. ती पूर्ण बरी झाली आणि पुढे अनेक दशके जगली. यंत्राच्या आधाराने हृदय उघडून केलेली ही जगातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया होय.

यश मिळाल्यावर थांबणारा माणूस

कोणत्याही माणसाने यानंतर विजयाचा डंका पिटला असता. गिबन यांनी पत्रकार परिषदा घेतल्या नाहीत. शस्त्रक्रियेचा वृत्तान्त १९५४ मध्ये मिनेसोटातील एका प्रादेशिक वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. त्याआधीच, जुलै १९५३ मध्ये, आणखी दोन बालिकांवर त्यांनी याच यंत्राने शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि दोघीही दगावल्या. गिबन यांनी यंत्राचा मानवी वापर वर्षभरासाठी थांबवला. त्यानंतर त्यांनी स्वतः हृदयाची अशी शस्त्रक्रिया पुन्हा केली नाही.

या निर्णयाची चर्चा आजही होते. काहींना त्यात खचलेपणा दिसतो, काहींना विवेक. एक मात्र खरे, की त्यांनी ज्ञान दडवून ठेवले नाही. मेयो क्लिनिकचे डॉ. जॉन कर्कलिन यांना यंत्राचे आराखडे खुलेपणाने मिळाले. त्यांनी त्यात सुधारणा केल्या आणि १९५५ मध्ये एकापाठोपाठ शस्त्रक्रियांची मालिका यशस्वी करून दाखवली. मिनेसोटा विद्यापीठात डॉ. वॉल्टन लिलेहाय यांच्या चमूने बुडबुड्यांच्या तत्त्वावर चालणारे स्वस्त आणि सुटसुटीत यंत्र उभे केले. दार गिबन यांनी उघडले. त्यातून आत गेले ते इतर.

या दाराने भारतातही प्रवेश केला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपणाची शस्त्रक्रिया केली. जगातील पहिल्या रोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. तो रुग्ण फार काळ जगला नाही. पण हृदय-फुप्फुस यंत्राविना असे धाडस कल्पनेतही शक्य नव्हते.

आणि ज्या आजारासाठी हा सारा खटाटोप आरंभला होता, त्याचे काय? १९६१ मध्ये टेक्सासमधील डेंटन कूली व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचा तात्पुरता आधार देऊन फुप्फुसाच्या धमनीतील मोठी गुठळी काढल्याचे आणि रुग्ण वाचल्याचे जाहीर केले. बोस्टनमधील त्या सकाळचे ऋण तीस वर्षांनी फिटले.

खुणा त्याच, नजर नवी

फुप्फुसातील गुठळीच्या उपचारांत त्यानंतर पुष्कळ बदल झाले. ब्रिस्टलमधील डॉक्टरांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रक्त गोठू न देणारी औषधे न दिलेल्या १९ रुग्णांपैकी ५ जण या आजाराने दगावले, तर औषधे दिलेल्या १६ जणांत या आजाराने एकही मृत्यू झाला नाही. पुढे गुठळी विरघळवणारी औषधे आली, नळी घालून गुठळी खेचून घेण्याची सोय झाली. एक्मो हे यंत्र तर गिबन यांच्या कल्पनेचेच वंशज. ते आता अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेशेजारी दिवसचे दिवस चालते. आज बहुसंख्य रुग्णांना छाती उघडण्याची वेळच येत नाही.

परंतु सतरा तास गिबन यांना छळणारा प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. उपचार लागू पडतो आहे की नाही, हे लवकरात लवकर कसे ओळखायचे? गंभीर रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध दिल्यानंतर पहिले काही तास निर्णायक असतात. नाडीचा वेग उतरतो, रक्तदाब आधाराच्या औषधांविना टिकू लागतो, श्वासाची धाप कमी होते, बाहेरून द्याव्या लागणाऱ्या प्राणवायूची मात्रा घटते, गार पडलेले हातपाय पुन्हा ऊबदार होतात, लघवीचे प्रमाण वाढते. गिबन यांच्या वहीत यांतील पहिल्या तिन्ही बाबींचे रकाने होते.

भर पडली आहे ती आतले पाहणाऱ्या नजरेची. गुठळीमुळे खरा मार बसतो तो हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याला. पातळ भिंतीचा हा कप्पा एरवी कमी दाबाविरुद्ध काम करतो. वाट अचानक अडली की तो फुगतो, थकतो आणि शेजारच्या डाव्या कप्प्यालाही दाबून टाकतो. सोनोग्राफीच्या तत्त्वावर चालणाऱ्या इको तपासणीत हा फुगवटा उतरताना दिसला, की डॉक्टरांना हायसे वाटते. रक्तातील लॅक्टेटची पातळी उतरणे, हीसुद्धा शरीराला पुन्हा पुरेसा प्राणवायू मिळू लागल्याची खूण.

यात एक गोष्ट रुग्णाच्या नातेवाइकांनी जाणून घ्यावी अशी आहे. गुठळी लगेच नाहीशी होत नाही. ती पूर्ण विरघळायला आठवडे, कधी महिनेही लागतात. सुरुवातीच्या तासांत वाट मोकळी होते ती थोडीशीच. पण तेवढ्यानेही उजव्या कप्प्यावरचा ताण झपाट्याने हलका होऊ शकतो. म्हणून प्रारंभीची सुधारणा गुठळीच्या आकारावरून न जोखता हृदयाच्या वागण्यावरून जोखली जाते. उलट बाजूही आहे. तरुण शरीर बराच काळ रक्तदाब सावरून धरते आणि मग एकाएकी कोसळते. त्यामुळे केवळ रक्तदाबाचा आकडा ठीक आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. औषध देऊनही साधारण ३६ तासांत प्रकृती अस्थिरच राहिली आणि इकोमध्ये उजव्या कप्प्याचा थकवा कायम दिसला, तर उपचार निष्फळ ठरला असे मानून शस्त्रक्रियेचा किंवा अन्य मार्गाचा विचार करण्याची शिफारस संशोधकांनी केली आहे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मेंदूत किंवा अन्यत्र रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून तेही सरसकट सर्वांना देता येत नाही. थोडक्यात, केव्हा थांबायचे आणि केव्हा पाऊल उचलायचे, हा निर्णय आजही डॉक्टरच्या सजग नजरेवर अवलंबून आहे. फरक इतकाच, की १९३० च्या सुमारास चर्चिल यांच्यापाशी एकच बाण होता आणि तो शेवटच्या श्वासाबरोबरच सोडायचा होता. आज भात्यात अनेक बाण आहेत आणि ते वेळेवर सोडण्याची मुभाही आहे.

गिबन यांना १९६८ मध्ये प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षीच ते जेफरसनमधून निवृत्त झाले होते. फिलाडेल्फियाजवळ मीडिया येथील आपल्या शेतावर राहून ते चित्रे रंगवीत, कविता करीत. पहिल्या वर्षी अर्ध्यावर सोडलेला छंद त्यांनी असा पुन्हा हाती घेतला. वडिलांचे म्हणणे खरे ठरले. पदवीने लेखणी बिघडली नव्हती. ५ फेब्रुवारी १९७३ रोजी टेनिस खेळत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६९ वर्षे होते. ज्याच्या यंत्राने असंख्य हृदयांना दुसरी संधी दिली, त्याच्या हृदयाने मात्र त्याला ती दिली नाही.

बोस्टनच्या त्या रुग्णालयात मृत्यू पावलेल्या स्त्रीचे नाव सामान्य वाचकाला ठाऊक नाही. तिच्यासाठी जे करता येण्याजोगे होते, ते सारे त्या काळच्या उत्तम डॉक्टरांनी केले आणि ते अपुरे पडले. अशा प्रसंगी बहुतेक माणसे हळहळतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. गिबनही कामाला लागले. पण दर पंधरा मिनिटांनी लिहिलेले ते आकडे त्यांनी मनातून पुसले नाहीत. आज अतिदक्षता विभागात पडद्यावर सरकणाऱ्या हिरव्या रेषेकडे रात्रभर पाहत बसलेला एखादा निवासी डॉक्टर जेव्हा नाडीचा वेग उतरल्याचे पाहून खुर्चीत टेकतो, तेव्हा त्याच्या त्या सुटकेच्या निःश्वासात सतरा तासांच्या त्या जुन्या पहाऱ्याचाही वाटा असतो.